थिरकती बोटे, अढळ बैठक

१९७५ सालचा गणेशोत्सव मी जन्मात विसरणार नाही. वणीहून पुढे तेलंगणच्या सीमेकडे निघाले की आमचे मुकुटबन लागते. सगळी काळी जमीन, कपाशीची वावरे आणि संध्याकाळ झाली की देवळातले भजन. आमच्याकडे भजन म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती विदर्भाच्या खेड्याखेड्यांत नेली. पण त्या वर्षी मंडळाने हौसेने तबला-डग्गा आणला आणि तो वाजवायचा मान चौदा वर्षांच्या माझ्याकडे आला.

फळ्यांचा मंडप, त्यावर गुळगुळीत ताडपत्री. अभंग रंगला, टाळ चढले, मीही हात उचलून उचलून वाजवू लागलो. आणि ऐन समेच्या तोंडावर डग्गा चुंबळीवरून घसरला तो घरंगळत थेट पेटीवाल्या काकांच्या मांडीपाशी! ठेका तुटला. बायाबापड्यांत हशा पिकला. मी खाली घातलेली मान घरी जाईपर्यंत वर केली नाही. पुढे कित्येक महिने मी तबल्याला हात लावला नाही.

जानेवारी १९७६ मध्ये उस्ताद अहमदजान थिरकवा गेल्याची बातमी आली. शेजारच्या गुरुजींकडे रेडिओ होता. त्या दिवसांत त्यावर खाँसाहेबांच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रिका लागली, आणि गुरुजींनी मला मुद्दाम बोलावून ऐकायला बसवले. मला त्यातले काही कळत नव्हते. एवढेच कळले, की हा माणूस घाईत नाही. प्रत्येक अक्षर मोत्यासारखे सुटे, आणि डग्ग्याचा घुमारा जिथल्या तिथे. यांचा डग्गा कधी घरंगळला असेल का, हा प्रश्न माझ्या बालबुद्धीला तेव्हा पडला. त्या प्रश्नापायी मी पुन्हा तबल्यापाशी बसलो आणि खाँसाहेबांचे चरित्र धुंडाळू लागलो.

मुरादाबाद ते मुंबई

अहमदजान खाँ मूळचे मुरादाबादचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला जन्म, घराणे गाण्याबजावण्याचे, वडील सारंगिये. मुलाचे सुरुवातीचे शिक्षणही गाणे आणि सारंगीचे झाले. पण मुनीर खाँसाहेबांचा तबला कानी पडला आणि मन तिकडे ओढले गेले. मुनीर खाँ लालियाना गावचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. ठिकठिकाणच्या उस्तादांकडून त्यांनी विद्येचा मोठा साठा केला होता. या गुरूंच्या हाताखाली अहमदजान यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. गुरूंचे वडील काले खाँ यांनी या मुलाची तबल्यावर नाचणारी बोटे पाहिली आणि त्याला थिरकवा म्हटले, असे सांगतात. थिरकणारा म्हणून थिरकवा. हे लाडाचे नाव पुढे इतके रुजले, की तेच त्यांचे आडनाव झाल्यासारखे वाटते.

या नावाची गंमत मला फार उशिरा उमगली. खाँसाहेबांच्या म्हातारपणचे वादन चित्रित झालेले आहे. ते पाहताना लक्षात आले, की थिरकतात ती फक्त बोटे. खांदे शांत, पाठ सरळ, हात तबल्यापासून जेमतेम वर उठतात. मुकुटबनच्या मंडपात मी नेमके याच्या उलट केले होते.

चुंबळीचे शास्त्र

इथे थोडे चुंबळीविषयी सांगायला हवे. तबला आपण पाहतो, त्याच्या खालच्या चुंबळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. कापडाच्या चिंध्या घट्ट पिळून, गुंडाळून केलेले ते साधे कडे. पाण्याचा हंडा डोक्यावर घेणाऱ्या बाईची चुंबळ असते, तिचीच ही बहीण. उजवा तबला लाकडाचा, जड आणि बुडाशी सपाट. डग्गा मात्र धातूचा, आतून पोकळ आणि बुडाशी गोल. तो जमिनीला टेकतो तो इवल्याशा जागेवर. कडेवर थाप पडली की एका बाजूला भार येतो आणि भांडे कलू पाहते. डग्ग्याचे काम तर आणखी अवघड. त्यावर नुसता आघात होत नाही, मनगटाने पुडी दाबून आणि घासून घुमारा चढवावा-उतरवावा लागतो. म्हणजे भांड्याला पुढे ढकलणारा जोर सतत असतोच. चुंबळ बुडाला चहूबाजूंनी कवेत घेते आणि हा जोर जमिनीत उतरवते. ती फार मऊ असेल तर भांडे रुतून कलते, फार मोठी असेल तर आत हलते. खाली सतरंजी हवी, गुळगुळीत ताडपत्री नको. आणि हात उंचावरून आपटला, तर उत्तम चुंबळही शरण येते. हे मी पुढे एका जाणत्या शिक्षकांकडे शिकलो, तेव्हा त्या गणेशोत्सवातल्या फजितीचा उलगडा झाला. माझी चुंबळ ढिली होती, खाली ताडपत्री होती आणि हात बेताल उंच होता. तिन्ही दोष माझेच.

गंधर्वांच्या रंगमंचासमोर

महाराष्ट्राला थिरकवा कळले ते नाटकामुळे. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या मंडळीत खाँसाहेब तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला, असा थाट होता. ‘स्वयंवर’ १९१६ साली आले, ‘एकच प्याला’ १९१९ साली. रात्र रात्र चालणारे प्रयोग, एकेका पदाला मिळणारे वन्समोअर. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, शब्द लांबवत, लयीशी खेळत जाणारे. गाणारा असा लयीच्या अंगाखांद्यावर खेळतो, तेव्हा खालची जमीन पक्की लागते. ती जमीन खाँसाहेबांनी दिली. एवढ्या तोलामोलाचा एकल वादक रंगमंचासमोर बसून वर्षानुवर्षे साधे ठेके लावीत होता, हे मला त्यांच्या विद्वत्तेइतकेच मोठे वाटते. मराठी घराघरांत नाट्यपदांबरोबर त्यांचा तबलाही शिरला.

पण नाटक मंडळीचे दिवस फिरले. बोलपट आले, कर्ज वाढले आणि १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहिले. खाँसाहेबांची बैठक तिथून उठली. पुढे रामपूरच्या नवाबांच्या दरबारी त्यांना आश्रय मिळाला. तिथे देशातल्या मातब्बर गवयांची साथ त्यांनी केली. मग १९४९ साली रामपूर संस्थान भारतात विलीन झाले आणि दरबारांचा जमाना हळूहळू मावळला. खाँसाहेब लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात तबल्याचे प्राध्यापक झाले. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातही त्यांनी शिकवले.

विचार करा. आधी नाटक कंपनी, मग दरबार, मग महाविद्यालय. ज्या ज्या जमिनीवर बैठक मांडली, ती जमीनच काळाने हलवली. पुष्कळ कलावंत अशा धक्क्यांत उन्मळून पडले, कुणी कडवट झाले. खाँसाहेबांचा तबला मात्र डळमळला नाही. दिल्लीचा कायदा दिल्लीच्या चालीने, अजराड्याचा त्याच्या डौलाने, लखनौ-फर्रुखाबादच्या गती त्यांच्या घुमाऱ्याने, असे प्रत्येक घराण्याचे रूप ते वेगळे राखून वाजवीत. गतीची आतषबाजी त्यांनी कधी केली नाही. मध्य लयीत अक्षर शुद्ध ठेवण्यातच त्यांना मौज वाटे. शिष्यांनाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे यांच्यासारख्यांनी ती विद्या पुढे नेली. गुणिदास जगन्नाथबुवा पुरोहित गवई म्हणून गाजले, पण तबला ते खाँसाहेबांकडे शिकले होते. १९७० साली सरकारने पद्मभूषण दिले. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौला त्यांनी देह ठेवला.

नातीचा ड्रमसेट

आता माझी नात ड्रमसेट वाजवते. गेल्या गणेशोत्सवात ती मुकुटबनला आली आणि त्याच चौकातल्या मंडपात तिने वाजवायचे ठरवले. या वेळी खाली चकचकीत फरशी होती. दोन गाणी झाली नाहीत तोच मोठा बेस ड्रम पुढे सरकू लागला. पायाने पेडल मारले की तो ढोल दर आघाताला तसूभर पुढे जातो, हे मला ठाऊक नव्हते. पोरगी एक पाय लांब करून, ओढूनताणून वाजवीत होती. चेहरा रडवेला झाला होता. मला पन्नास वर्षांपूर्वीचा तो डग्गा दिसला.

मी मांडवातली जाड सतरंजी आणवली आणि गाणे संपताच सगळा सरंजाम तिच्यावर घेतला. ढोलाच्या दोन्ही पायांची टोकदार टोके बाहेर काढून सतरंजीत रुतवली. तिची बैठकही सतरंजीवरच घेतली, म्हणजे तिच्याच वजनाने सतरंजी दाबून राहील. झांजेच्या तिकाटण्याचे पाय नीट फाकवले, त्यातला एक पाय झांज ज्या बाजूला झुकते त्या बाजूला आणला आणि ढिले नट आवळले. मग तिच्या कानात सांगितले, की आता पाय जरा हलका ठेव, जोर दाखवू नकोस. ड्रममधले मला काय कळते? पण चुंबळ कळते.

पुढची तीन गाणी तिने जागचे न हलता वाजवली. घरी आल्यावर तिने मला विचारले, की आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवले? मी तिला थिरकवा खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लावून दिली. तीही, माझ्यासारखीच, काही न कळता शेवटपर्यंत ऐकत बसली.