शरीराचाही हक्क आहे



वर्ध्याहून नागपूरकडे जाताना पवनारजवळ धाम नदी लागते. मार्च १९३८ मध्ये एक आजारी माणूस मोटारीतून या नदीचा पूल ओलांडून पवनारला आला. वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे जेमतेम ४० किलो. ते होते आचार्य विनोबा भावे.

१८९५ साली कोकणातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याचा आश्रम चालवण्यास आले. पुढे नालवाडीत त्यांनी केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. तासन्‌तास कातणे, शिकवणे, आश्रमाची व्यवस्था, भोवतालच्या खेड्यांची सेवा, हा सारा भार एकाच देहावर होता. अखेर तो देह खचला. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी दूरच्या थंड हवेच्या गावाऐवजी जमनालाल बजाज यांचा पवनारचा बंगला निवडला.

पूल ओलांडतानाच त्यांनी आश्रमाच्या साऱ्या चिंतांचा मनोमन त्याग केला. अंथरुणाला मात्र ते खिळून राहिले नाहीत. शेतात ते थोडे खणू लागले. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे, मग हळूहळू अधिक, आणि मध्ये मध्ये क्षणभर विसावा. काही महिन्यांत त्यांचे वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले. याच देहाने पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे गावोगाव पायी प्रवास केला. १९८२ मध्ये पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

विनोबा आपल्या धर्माचे नव्हते. परंतु पवित्र कुरआनचा त्यांनी मूळ अरबीतून अभ्यास केला आणि १९६२ मध्ये त्यातील निवडक आयतींचे संकलन प्रसिद्ध केले. त्यांच्या या विश्रांतीत आपल्याला ओळखीचा बोध सापडतो. निद्रा विसाव्यासाठी आणि दिवस उपजीविकेसाठी आहे, हे कुरआन सांगते. दिवसभर रोजा व रात्रभर नमाज असा क्रम धरणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराच्या, डोळ्यांच्या आणि पत्नीच्या हक्कांची आठवण करून दिली. थोडे पण सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, हीही त्यांचीच शिकवण.

वाचकहो, आता आपल्या घरात डोकावून पाहा. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, गुरांचे दूधपाणी, यांत घरधनी रात्री उशिरा खाटेवर पडतो. पण देह पडला तरी मन बांधावरच फिरत असते. आणि जी फजरपूर्वी उठते, शेतातून परतून चूल पेटवते आणि सर्वांत शेवटी जेवते, तिच्या विश्रांतीची वेळ घरात कोणी ठरवली आहे काय? हक्क सांगणारी शिकवण केवळ पुरुषाच्या शरीरापुरती नाही.

जोहरच्या नमाजनंतरचा थोडा वेळ घरातील प्रत्येकासाठी राखून ठेवा. त्या वेळी कर्ज, भाव आणि पाऊस यांची चर्चा नको. तिच्या वाट्याचे एखादे काम तुम्ही उचला, म्हणजे तीही निर्धास्त आडवी होईल. शेत उद्याही तिथेच असेल. देह मात्र अल्लाहची अमानत आहे, आणि तिचा हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे.

अल्लाह आपल्या कष्टांत बरकत आणि विसाव्यात शांती देवो. आमीन.