सुरांचा छापखानदार : पेत्रुची

मी संगणकावर पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन करतो. सुरावट लवकर उतरते. छळतात ती पाने! पान कोठे तोडावे, दोन पंचरेषांत किती जागा सोडावी, यातच संध्याकाळ सरते. या खटपटीतूनच ओत्ताव्हियानो पेत्रुची या माणसाची ओळख झाली आणि तो मला फार जवळचा वाटू लागला.

इटलीतील फॉसोम्ब्रोने गावी १४६६ साली तो जन्मला. पुढे व्हेनिसला आला. त्या काळी व्हेनिस म्हणजे मुद्रकांची पंढरीच. १४९८ मध्ये त्याने तेथील सत्तेकडून बहुस्वरी संगीत छापण्याचा २० वर्षांचा मक्ता मिळवला आणि १५०१ साली 'ओधेकाटोन' हे पुस्तक काढले. नावात शंभर गीते, आत मात्र ९६! (असे हिशेब आपल्याकडेही चालतात.)

पंचरेषा, स्वरचिन्हे आणि अक्षरे तो वेगवेगळी छापी. म्हणजे एकच कागद तीनदा यंत्राखाली जाई. कागद जरा सरकला, की रेषेवरचा स्वर दोन रेषांमधल्या जागेत जाऊन बसणार, म्हणजे सूरच बदलणार. तरीही त्याची पाने पाहावीत! कोठे दाटी नाही, कोठे उगाच मोकळीक नाही. शिवाय त्या पुस्तकात गायकांचे भाग एकाखाली एक जुळवून मांडलेले नसत. समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येकाचा भाग वेगळ्या जागी असे. पान उलटले की ते सर्वांसाठीच उलटणार. तेव्हा गीत पुढे न्यायचे तर साऱ्या भागांना एकाच ठिकाणी थांबवणे भाग होते. १५०२ मध्ये जोस्कँच्या रचना छापताना त्याने प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पुस्तिकाच काढली. हा पेच तिथे सुटला.

१५११ मध्ये तो गावी परतला. पोपकडूनही मक्ता मिळाला, पुढे कागदाची गिरणीही चालवली. पण १५२८च्या सुमारास पॅरिसच्या आतेन्याँने स्वर आणि रेषा एकाच खिळ्यात ओतून एका दाबात छपाई रूढ केली. ती स्वस्त होती, झटपट होती. रेषा मात्र जागोजागी तुटक दिसत. बाजाराने स्वस्ताई निवडली. मला विचाराल तर आजही पेत्रुचीचेच पान उजवे.

१५३६ मध्ये व्हेनिसने त्याला लॅटिन व इटालियन ग्रंथ छापण्यासाठी पुन्हा बोलावले. १५३९ मध्ये तो वारला. 'ओधेकाटोन'च्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत बोलोन्यात उरली आहे, तीही अपुरी. तिची गहाळ पाने नंतरच्या आवृत्त्यांवरून भरून काढावी लागतात.