मायकेल फॅरडे

ज्या थोर पुरुषांची चरित्रे विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावीत, त्यांत मायकेल फॅरडे यांची गणना आम्ही करतो. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन येथे एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे व थोडासा हिशेब यापलीकडे शालेय शिक्षण त्यांस लाभले नाही. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार राहिले व बांधणीस आलेले ग्रंथ वाचू लागले. १८१२ साली त्यांनी सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकिली. त्यांची टिपणे स्वहस्ते बांधून त्यांनी डेव्ही यांजकडे धाडली. आणि १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांस मदतनिसाची जागा मिळाली.

विजेने पदार्थाचे घटक विलग होतात, हे डेव्हीप्रभृतींनी पूर्वीच दाखविले होते. मिठाच्या तीव्र द्रावणातून वीज सोडिली असता एका टोकाशी हायड्रोजन व दुसऱ्या टोकाशी क्लोरीन वायू सुटतो. परंतु किती विजेने किती द्रव्य सुटते? १८३३-३४ मध्ये फॅरडे यांनी काटेकोर मोजमाप करून सिद्ध केले की, वीज दुप्पट तर द्रव्यही दुप्पट. एक ग्रॅम हायड्रोजन सुटण्यास सुमारे ९६,५०० कूलोम वीज लागते. त्या अंकास त्यांचेच नाव मिळाले आहे.

पुढे कीर्ती वाढली, तरी 'सर' ही पदवी त्यांनी नाकारिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या या शिस्तीची आठवण २००७ साली पुन्हा झाली. अमेरिकेत मिठाच्या पाण्यावर १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडिल्या असता नळीच्या तोंडाशी ज्योत पेटली. समुद्राचे पाणीच इंधन झाले, असे कित्येकांस वाटले. परंतु पाण्यातून सुटलेला हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच होते; म्हणून त्याला विलग करण्यास जी ऊर्जा खर्ची पडली, तीहून अधिक ज्योतीतून मिळणे शक्य नाही. लहरी बंद होताच ज्योतही विझे.

नवल पाहून टाळी वाजविणे सोपे असते. लोहाराच्या या मुलाने नवलाचाही हिशेब मागितला. आमच्या विद्यार्थ्यांनी ही सवय अंगी बाणवावी व पालकांनी तीस उत्तेजन द्यावे, अशी आमची इच्छा आहे.