सामाजी हसाजी दिवेकर व इस्राएलाचीं पवित्र उपकरणें

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देऊळ धुवून सजविलें जातें. दीपस्तंभ घासले जातात, धूपदाणी उजळली जाते, वेदीचीं नवीं वस्त्रें बाहेर निघतात. अशा वेळीं हीं उपकरणें मुळांत कशाकरितां, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस एका सत्पुरुषाच्या चरित्रांत आढळलें, तें वाचकांपुढें ठेवितों. हा पुरुष आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हे. ज्या लोकांकडून आपणांस जुना करार लाभला त्या इस्राएल लोकांपैकीं तो होता, आणि त्याची बोली मात्र आपलीच मराठी होती.

आपल्या पाटणाहून पश्चिमेस कुंभार्ली घाट उतरलें म्हणजे कोकण लागतें. त्याच कोकणाच्या उत्तर भागांत, हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, बेने इस्राएल लोकांचीं गांवें होतीं. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. पुढें पूर्वजांची भाषा गेली, ग्रंथही उरले नाहींत. तरी सुंतेचा विधि, शब्बाथ आणि परमेश्वर एकच आहे अशी कबुली देणारी एक इब्री प्रार्थना एवढें धन त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलें. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांचें इब्री नांव शमुवेल यहेज्केल, ते याच समाजांतले. अठराव्या शतकांत या समाजाचे पुष्कळ तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेंत शिरले. सामाजीही त्यांत होते व मोठ्या हुद्द्यास चढले. म्हैसूरच्या युद्धांत ते टिपू सुलतानाच्या हातीं सांपडले. जात विचारतां त्यांनीं बेने इस्राएल असें सांगितलें. हें नांव कुराणांत आलेलें आहे, याचें सुलतानाच्या मातोश्रींनीं स्मरण दिलें, आणि त्यांचे प्राण वांचले, अशी आख्यायिका आहे. बंदिवासांतून सुटका झाल्यास परमेश्वराचें मंदिर बांधीन, असा नवस त्यांनीं केला होता असेंही सांगतात. १७९६ सालीं मुंबईंत त्यांनीं तें बांधिलें. बेने इस्राएलांचें तें पहिलें प्रार्थनामंदिर. दयेचें द्वार या अर्थाचें इब्री नांव त्यास आहे; समाजांत मात्र त्याला जुनी मशीद म्हणतात.

भिंती उभ्या राहिल्या. पण अशा मंदिराचा प्राण कोणता, हें समजण्यास प्राचीन काळाकडे वळलें पाहिजे. मोशेच्या काळीं रानांत निवासमंडप उभारला, तेव्हां बसालेल नामक कारागिरानें बाभळीच्या लांकडाचा कोश केला : अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आंतून बाहेरून सोन्यानें मढविलेला. त्याची थोरवी सोन्यांत नव्हती. आंत दहा आज्ञांच्या दोन शिळा होत्या, आणि वर दयासन नांवाचें झांकण होतें. आंत आज्ञा आणि वर दया, असा तो बोध होता. सात दिव्यांच्या दीपवृक्षांत जैतुनाचें निर्मळ तेल जळे. जागृत भक्तीची ती खूण. दर शब्बाथीं बारा ताज्या भाकरी मांडीत. त्या बारा वंशांच्या नांवानें. धूप वर चढे, तशी प्रार्थना चढावी हा त्याचा अर्थ.

पुढें इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमेचें मंदिर जाळिलें, आणि कोशाचा ठावठिकाणा उरला नाहीं. दुसऱ्या मंदिराचें परमपवित्र स्थान रिकामेंच होतें. इ. स. ७० मध्यें रोमी लोकांनीं तेंही पाडिलें व दीपवृक्ष लुटून नेला. त्याची आकृति रोम शहरांतील तीताच्या कमानीवर आजही दिसते. सोनें गेलें, शिळा गेल्या. वचन तेवढें राहिलें. म्हणूनच इस्राएलांच्या प्रार्थनामंदिरांत पवित्र कोशामध्यें तोराची गुंडाळी ठेवितात व त्यासमोर दीप तेवत ठेवितात. मोशेचीं पांच पुस्तकें तींत चर्मपत्रावर हातानें लिहिलेलीं असतात. एक अक्षर जरी गळलें, तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनास चालत नाहीं.

हें धन आणण्यासाठीं सामाजी दूर कोचीनला गेले, कारण तेथील यहुदी समाजाजवळ जुनीं मंदिरें व ग्रंथ होते. तेथेंच १७९७ सालीं त्यांस मरण आलें. मंदिर बांधून अवघें एक वर्ष झालें होतें. नवस फिटला, आतां घरीं बसावें, असें त्यांनीं म्हटलें असतें तर कोणीं दोष दिला असता? परंतु ज्याच्यासाठीं घर बांधावें तें घरांत यावें, एवढ्याकरितां त्यांनीं आपला देह परक्या मुलखांत ठेविला. मुंबईचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांचें नांव आजही सांगतो, आणि १८६० मध्यें सध्यांच्या जागीं आलेलें तें मंदिर अद्याप उभें आहे.

वाचकहो, आपल्या देवळांतही दीप आहे, धूप आहे, कोश आहे. आणि आपल्या श्रद्धेप्रमाणें त्या कोशांत स्वतः प्रभु पवित्र साक्रामेंतांत वसतो. ज्युबिलीनिमित्त आम्ही भिंतींना रंग दिला, पितळेला झळाळी आणिली, हें योग्यच. पण घासलेल्या दीपासमोर गुडघे टेकतांना आमचें अंतःकरण रिकाम्या कोशासारखें तर नाहीं ना, हें ज्याचें त्यानें पाहावें. कोकणांतील त्या तेल्यांजवळ ना मंदिर होतें ना ग्रंथ. तरी शनिवारचा घाणा त्यांनीं फिरूं दिला नाहीं. आमच्याजवळ तर सर्व कांहीं आहे. तें जपण्याची बुद्धि परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.