फ्रेडरिक ग्राफ

१७९३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीतज्वराने हजारो माणसे दगावली. लोकांनी दोष अशुद्ध पाण्याला दिला. (खरा दोषी डास होता, हे शतकानंतर कळले.) त्या भीतीतूनच शहराला नळाचे पाणी मिळाले. १८०५ पासून ही व्यवस्था अभियंता फ्रेडरिक ग्राफ यांनी सांभाळली. फेअरमाउंट येथे त्यांनी उभारलेली वाफेची यंत्रे फार सरपण खात. बाष्पक फुटून कामगारही प्राणास मुकले. तेव्हा ग्राफ यांनी वाफ सोडून पाणचक्क्या स्वीकारल्या. १८२२ पासून नदीच आपले पाणी टेकडीवर चढवू लागली! रिकाम्या यंत्रघरात उपाहारगृह थाटले गेले. १८४७ मध्ये ग्राफ निवर्तले. १९०९ मध्ये पंप थांबले. १९११ मध्ये तेथे मत्स्यालय आले, पुढे पोहण्याचा तलाव झाला आणि २००३ मध्ये पाण्याविषयी शिक्षण देणारे केंद्र उघडले.