रेओम्यूर : खुडूक कोंबडीखाली तापमापक ठेवणारा शास्त्रज्ञ

घरच्या घरी अंडी उबवणाऱ्या पशुपालकांची एक नेहमीची तक्रार असते. छोटा इन्क्युबेटर आणला, अंडी भरली, लाइट गेली नाही, तरी एकविसाव्या दिवशी निम्मी अंडी तशीच राहिली. शेजारच्या डालग्यात बसलेली खुडूक कोंबडी मात्र बहुतेक अंड्यांतून पिले काढून अंगणात फिरू लागते. कोंबडी नेमके काय करते, जे यंत्राला जमत नाही? हा प्रश्न सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका शास्त्रज्ञाला पडला. त्याने कोंबडीखाली तापमापक ठेवून उत्तर शोधले, अनेक अंडी वाया घालवली आणि शेवटी त्यावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव रेने आंत्वान फेरशो द रेओम्यूर. शाळेच्या पुस्तकात आपण सेल्सिअस आणि फॅरेनहाइटच्या जोडीला रेओम्यूर नावाचे माप वाचले असेल, ते याच शास्त्रज्ञाचे.

जन्म आणि शिक्षण

रेओम्यूर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १६८३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदराच्या गावी झाला. वडील ते अगदी लहान असतानाच वारले. पुढे काकांच्या देखरेखीखाली त्यांनी बूर्ज येथे कायदा आणि गणिताचा अभ्यास केला. वीस वर्षांचे असताना १७०३ मध्ये ते पॅरिसला आले. वकिली न करता त्यांनी गणित आणि निसर्गविज्ञान धरले. १७०८ मध्ये, पंचविशीतच, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे अकादमीच्या वार्षिक ग्रंथात त्यांचा लेख नाही असे वर्ष क्वचितच गेले.

घरची मिळकत असल्याने त्यांना पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. लग्नही त्यांनी केले नाही. वेळ आणि पैसा दोन्ही प्रयोगांत गेले.

कारागिरांच्या कामाचा अभ्यासक

१७१० च्या सुमारास अकादमीने त्यांच्यावर देशातील उद्योग आणि कारागिरी यांचे सविस्तर वर्णन तयार करण्याचे काम सोपवले. त्यासाठी त्यांना लोहार, कातडे कमावणारे, भट्टीवाले अशा लोकांच्या कामाची पद्धत बारकाईने समजून घ्यावी लागली. १७२२ मध्ये त्यांनी लोखंडापासून पोलाद करण्यावर पुस्तक लिहिले. गांधीलमाशी लाकूड चावून त्यापासून कागदासारखे पोळे करते, हे पाहून लाकडापासून कागद बनवता येईल अशी कल्पना त्यांनीच मांडली. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे. १७३४ ते १७४२ या काळात कीटकांच्या जीवनक्रमावरील त्यांचे सहा खंड प्रसिद्ध झाले.

या सगळ्या कामात त्यांची पद्धत एकच होती. आधी डोळ्यांनी पाहायचे, मग मोजायचे, मग स्वतः करून बघायचे.

तापमापक आणि ३२ अंश

१७३० मध्ये रेओम्यूर यांनी आपला तापमापक जाहीर केला. त्यात अल्कोहोल वापरले होते. बर्फ जमतो तो बिंदू ० अंश आणि पाणी उकळते तो ८० अंश, अशी त्याची विभागणी होती. म्हणजे रेओम्यूरचे ४ अंश म्हणजे आपले ५ अंश सेल्सिअस.

हे साधन हाती असल्यामुळे त्यांनी अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या अंगाखालची उष्णता मोजली. ती सुमारे ३२ अंश भरली, म्हणजे आजच्या हिशेबाने ४० अंश सेल्सिअस. ही उष्णता कोंबडीच्या पोटाच्या उघड्या कातडीची आहे. तिला चिकटलेली अंड्याची वरची बाजू सर्वांत गरम असते, मध्य आणि तळ त्याहून थोडे थंड राहतात.

कोंबडीच्या उबेवर त्यांचा इतका विश्वास होता की, त्यांनी फुलपाखराचा कोष पोकळ काचेच्या अंड्यात घालून खुडूक कोंबडीखाली ठेवला. एरवी जास्त दिवस घेणारे फुलपाखरू चार दिवसांतच बाहेर पडले. जिवाची वाढ उष्णतेच्या मापाने पुढे-मागे होते, हे त्यातून दिसले.

इजिप्तच्या भट्ट्या

इजिप्तमध्ये हजारो अंडी एकाच वेळी भट्टीत उबवण्याची कला फार जुन्या काळापासून चालत आलेली होती. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बर्मा गावचे लोक त्यात तरबेज होते आणि ते ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. मातीच्या विटांच्या इमारतीत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या असत. खालच्या खोलीत अंडी, वरच्या खोलीत शेण आणि काडीकचऱ्याचा मंद विस्तव. तापमापक कुणाकडेच नव्हता. कामगार अंडे उचलून पापणीला लावून ऊब पाहत. अंडी रोज हाताने फिरवली जात. निम्मे दिवस गेल्यावर विस्तव बंद करत, कारण अंड्यांतल्या वाढत्या पिलांची स्वतःची ऊब तेव्हा पुरेशी होते.

रेओम्यूर यांनी या भट्ट्यांची माहिती मिळवली आणि फ्रान्सच्या थंड हवेत हे कसे करता येईल याचा विचार सुरू केला. पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता, पण तापमापक होता. जे काम पापणी करते ते काचेची नळी करील, असे त्यांना वाटले.

उकिरड्यातील पिंपे : आधी अपयश

शेतकऱ्याला फुकटात मिळणारी उष्णता कोणती? ताज्या खताची. लीद आणि काडीकचऱ्याचा ढीग कुजताना चांगलाच तापतो. रेओम्यूर यांनी हीच उष्णता वापरायचे ठरवले.

सुरुवातीचे प्रयत्न फसले. तापमापक बरोबर ३२ अंश दाखवत होता, तरीही अंड्यांतील जीव मरत होते. उष्णता बरोबर असताना पिले का मरतात, याचा त्यांनी माग काढला. दोष खतातून निघणाऱ्या दमट, कोंदट वाफेत होता. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतला जीव श्वास घेतो आणि अंड्यातील जास्तीचे पाणी बाहेर जाते. दमट आणि घाण हवेत ही दोन्ही कामे बिघडतात.

मग त्यांनी लाकडी पिंपांना आतून गिलावा केला, जेणेकरून खताची वाफ आत शिरणार नाही. पिंप खतात पुरले. तोंडावर झाकण ठेवले आणि त्याला भोके पाडून बुचे बसवली. ऊब वाढली की बूच काढायचे, कमी झाली की लावायचे. खत थंड पडले की बाजूने ताजे खत घालायचे. अंडी टोपल्यांत घालून पिंपात सोडली जात आणि त्यांची जागा बदलली जाई. या पद्धतीने पिले निघू लागली. रोज पेटणाऱ्या पावाच्या भट्टीवरची खोलीही त्यांनी अशीच वापरून पाहिली.

लोण्याचा तापमापक

काचेचा तापमापक त्या काळी महाग आणि नाजूक होता. खेड्यातल्या माणसाकडे तो कुठून असणार? म्हणून त्यांनी एक सोपी युक्ती सांगितली. अक्रोडाएवढे लोणी आणि त्याच्या निम्मी चरबी एकत्र वितळवून लहान बाटलीत भरायची आणि ती अंड्यांजवळ ठेवायची. मिश्रण गोठलेले राहिले तर ऊब कमी. तेलासारखे पातळ झाले तर ऊब जास्त. घट्ट पाकासारखे हळू वाहिले तर ऊब बरोबर. विस्तार कार्यकर्त्यांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. तंत्र कितीही चांगले असले तरी ते शेतकऱ्याच्या घरात मिळणाऱ्या वस्तूंनी जमले पाहिजे.

पिले निघाली, पण आई कुठे?

पिले निघाल्यावर खरी अडचण सुरू झाली. कोंबडीखाली निघालेल्या पिलांना पंखाखाली ऊब मिळते, यंत्रातील पिलांना ती कोण देणार? रेओम्यूर यांनी कृत्रिम आई तयार केली. ती म्हणजे आतून लोकर असलेले मेंढीचे कातडे लावलेली, उतरत्या छपराची बुटकी पेटी. पिले वाढीप्रमाणे उंच किंवा सखल बाजूला शिरून पाठीला लोकरीची ऊब घेत. पेटी उबदार जागी ठेवली जाई. आजच्या ब्रूडरचाच हा आरंभीचा प्रकार. खच्ची केलेल्या कोंबड्याला शिकवून पिले सांभाळायला लावता येतात, हेही त्यांनी नोंदवले.

हा सगळा अनुभव त्यांनी १७४९ मध्ये कोणत्याही ऋतूत पाळीव पक्ष्यांची पिले काढण्याच्या आणि वाढवण्याच्या कलेवरील ग्रंथात मांडला. पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला.

अंडी टिकवण्यावरही त्यांनी काम केले. कवचावर चरबीचा किंवा रोगणाचा पातळ थर दिला तर छिद्रे बुजतात आणि अंडे जास्त दिवस ताजे राहते. कोंबड्याशिवाय घातलेली अफलित अंडी जास्त टिकतात, हेही त्यांनी सांगितले. १७५२ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या पचनावरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोंबडीवर्गीय पक्ष्यांचा पेषणीचा दाब धातूची नळी चेपण्याइतका असतो, तर शिकारी पक्ष्याच्या पोटात मांस रसाने विरघळते, हे त्यांनी दाखवले.

अखेर

१७ ऑक्टोबर १७५७ रोजी रेओम्यूर यांचे निधन झाले. गावाकडच्या आपल्या वाड्यावर असताना घोड्यावरून पडण्याचे निमित्त झाले. आपला संग्रह आणि कागदपत्रे त्यांनी अकादमीसाठी ठेवली.

त्यांची उबवणूक पद्धत त्यांच्या हयातीत फ्रान्सच्या खेड्यांत रुजली नाही. पिंपाजवळ रात्रंदिवस कोणीतरी जागे राहावे लागे आणि ऊब आपोआप सांभाळणारे साधन तेव्हा नव्हते. ती उणीव एकोणिसाव्या शतकात भरून निघाली. १८७९ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस यांनी चालणारा इन्क्युबेटर तयार केला आणि ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध झाले. तरी ऊब, ओलावा, हवा आणि अंडी फिरवणे हे चार मुद्दे तेच राहिले.

आपल्या उबवणुकीसाठी बोध

- अंडी निवड : निरोगी, फलित, मध्यम आकाराची, न तडकलेली अंडी घ्यावीत. ७ दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो बसवू नयेत. साठवताना टोकदार बाजू खाली ठेवावी.
- ऊब : पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसल्यास अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ अंश असावे. तापमापक यंत्राच्या छताजवळ टांगू नये, अंड्यांच्या उंचीला ठेवावा.
- जास्त ऊब जास्त घातक : कोंबडी दाणा-पाण्यासाठी थोडा वेळ उठते, तेवढ्या गारव्याने अंडी बिघडत नाहीत. मात्र थोड्या वेळाच्या अतिउष्णतेनेही जीव मरतो.
- ओलावा : पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के ठेवावा. १८ दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के कमी व्हायला हवे. सुरुवातीपासून जास्त पाणी ठेवणे म्हणजे रेओम्यूर यांच्या पहिल्या पिंपांची चूक पुन्हा करणे होय.
- हवा : यंत्राची छिद्रे बंद करू नयेत. यंत्र शेणखत, गोठा किंवा चुलीच्या धुराजवळ ठेवू नये.
- फिरवणे : १८ व्या दिवसापर्यंत दिवसातून किमान ३ वेळा अंडी फिरवावीत, त्यानंतर हात लावू नये.
- तपासणी : ७ ते १० व्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी पाहून अफलित आणि मेलेली अंडी काढून टाकावीत.
- खुडूक कोंबडी : गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. बसवण्यापूर्वी तिच्या उवा-गोचिडांचा बंदोबस्त करावा. लाइटचा भरवसा नसेल तेथे यंत्राच्या जोडीला एक-दोन खुडूक कोंबड्या तयार ठेवाव्यात.
- ब्रूडर आधी : पिले निघण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर तापवून ठेवावा. पिले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळाली तर जास्त, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर समजावे.

पिले निघाली नाहीत तर यंत्राला किंवा अंड्यांना लगेच दोष देऊ नये. न फुटलेली अंडी फोडून पाहावीत आणि जीव कोणत्या दिवशी मेला याचा अंदाज वहीत लिहावा. सुरुवातीच्या दिवसांत मेले असतील तर साठवण किंवा ऊब तपासावी. शेवटच्या दिवसांत मेले असतील तर ओलावा, हवा आणि फिरवणे तपासावे. रेओम्यूर यांनीही बिघडलेल्या अंड्यांपासूनच शिकायला सुरुवात केली होती.