स्केटबोर्डचे ट्रक कसे निवडायचे? आधी प्लिम्प्टन यांची गोष्ट

गेल्या वर्षी मी एक सेकंडहँड स्केटबोर्ड घेतला. फळी चांगली, चाकं चांगली, पण वळायचं नाव नाही! मी कितीही कललो तरी गडी सरळ कुंपणाकडे. दोष ट्रकचा होता. इथे ट्रक म्हणजे मालगाडी नव्हे बरं का. फळीखालचा जो धातूचा भाग चाकांचा अ‍ॅक्सल धरून ठेवतो, तो ट्रक. नवे ट्रक शोधायला बसलो तर आकड्यांनी डोकं गरगरलं. ते ताळ्यावर आणलं एका जुन्या फर्निचरवाल्याने. त्यांचं नाव जेम्स लिओनार्ड प्लिम्प्टन.

त्यांचा जन्म १८२८ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्डचा. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांचा फर्निचरचा धंदा होता. तब्येतीसाठी डॉक्टरांनी बर्फावर स्केटिंग करायला सांगितलं आणि त्याचा गुणही आला. पण बर्फ हिवाळ्यापुरताच. चाकांचे स्केट तेव्हाही मिळायचे, पण ते सरळ धावायचे. वळायचं म्हटलं की पंचाईत.

प्लिम्प्टन यांनी चार चाकं दोन जोड्यांत बसवली. प्रत्येक जोडीचा अ‍ॅक्सल तिरक्या कण्यावर फिरेल असा ठेवला आणि मध्ये रबराची उशी दिली. आता गंमत बघा. कणा उभा असता, तर नुसतं कलून अ‍ॅक्सल वळला नसता. आडवा असता, तर तळ फक्त डुलला असता. तिरका असल्यामुळे कललं की अ‍ॅक्सल वळतो. पुढचा आणि मागचा उलट दिशांना वळतात, म्हणून स्केट गोल वळण घेतो. रबर त्याला पुन्हा सरळ करतं. १८६३ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

ते स्केट विकण्यापेक्षा भाड्याने देत. १८६६ मध्ये न्यूपोर्टच्या अटलांटिक हाउस या हॉटेलच्या भोजनगृहात त्यांनी रिंक सुरू केली. नक्कल करणारे लवकरच उगवले आणि प्लिम्प्टन कोर्टात गेले. १८७६ चा इंग्लंडमधला माल्कमसन यांच्याविरुद्धचा खटला पेटंट कायद्यात आजही ओळखीचा आहे. तो त्यांनी जिंकला. १९११ मध्ये ते वारले. पुढे कॅलिफोर्नियात पोरांनी फळीला रोलर स्केटचे भाग ठोकले, आणि त्यांची युक्ती आयतीच स्केटबोर्डखाली आली.

आता निवड सोपी होते:

१. रुंदी: अ‍ॅक्सलची लांबी फळीच्या रुंदीएवढी हवी. पाव इंच इकडेतिकडे चालतं. ट्रकवर छापलेला आकडा दर कंपनीचा वेगळा असतो, म्हणून अ‍ॅक्सलचं मापच बघा.

२. रबर: याला बुशिंग म्हणतात. कडकपणा ‘९० ए’ असा लिहितात. आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. वजन कमी असेल तर मऊ घ्या, जास्त असेल तर कडक.

३. उंची: मोठ्या चाकांना उंच ट्रक लागतो. नाहीतर कलताना चाक फळीला घासून अडकतं आणि आपण तोंडावर पडतो.

४. कण्याचा तिरकसपणा: कसरतींसाठी साधा किंगपिन ट्रक. लाँगबोर्डवर लांब फिरायचं असेल तर रिव्हर्स किंगपिन.

हे कळल्यावर मी आधी माझेच ट्रक तपासले. रुंदी बरोबर होती. बुशिंग मात्र माझ्या ५८ किलोंसाठी फारच कडक होते, आणि वरून नट गच्च आवळलेला. मऊ बुशिंग घातले, नट थोडा सैल केला. नवे ट्रक घ्यायची वेळच आली नाही.

तुम्हीही खरेदीआधी एक करा. बोर्डवर उभे राहा आणि हळूच कला. वळत नसेल, तर आधी रबर बघा.